नाना फडणवीसांचा चेहरा कुणाच्या हातचा?

चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे जोडचित्र सगळीकडे दिसतं ते जेम्स वेल्स नावाच्या इंग्रजाने काढलं म्हणतात, तर हा माणूस कोण आणि तो पुण्यात कसा आला? ते चेहरे खरे मानायचे का? आणि शेवटचं, तिला त्या चित्राची नक्कल करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पस्तीस वर्षं तैलरंगात माणसं रंगवतोय, तेव्हा माझं उत्तर रंगाऱ्याचं आहे असं समजूनच वाचा.

आधी एक दुरुस्ती. वेल्स इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. हा भेद त्याला नक्कीच महत्त्वाचा वाटला असता. जन्म १७४७ चा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेडचा. ते मासेमारीचं गाव. शिक्षण ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात झालं, पण चित्रकला बरीचशी स्वतःच शिकलेली. पुढे लंडनला गेला, रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. म्हणजे अगदीच कुणी नव्हता असं नाही. पण ज्या शहरात रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो यांच्यासारखे लोक चेहरे रंगवून गेले किंवा रंगवत होते, तिथे चाळिशी ओलांडलेल्या, मोठा आश्रयदाता नसलेल्या स्कॉटिश चित्रकाराकडे कोण येणार? अशा लोकांसाठी त्या काळात हिंदुस्थान हा एक मार्ग होता. टिली केटल १७६९ साली मद्रासला आला, योहान झोफनी १७८३ साली कलकत्त्याला. झोफनी तर लखनौच्या नवाबाकडेही राहून परत गेला. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी काढायची, जहाजात बसायचं आणि चार-पाच वर्षांत गाठीला पैसा बांधून परत जायचं, हा हिशेब. वेल्सनेही तोच केला. १७९१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, तो मुंबईत उतरला.

मुंबई तेव्हा कलकत्त्याच्या मानाने फारच लहान. चित्रं काढून घेणारे गोरे व्यापारी आणि अधिकारी बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे सुरुवातीलाच वेल्सने माणसांबरोबर मुंबई बेटाचीही चित्रं काढायला घेतली. माझगावच्या बेलमाँट टेकडीवरून दिसणारं बंदर, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा मुलूख, मलबार हिलवरून दिसणारा कोट अशी बारा दृश्यं. ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली तेव्हा वेल्स हयात नव्हता. आज मुंबईकर त्यांच्यावरून जुन्या मुंबईचा अंदाज बांधतात. मला विचाराल तर निसर्गचित्रकार म्हणून तो ठीकठाक होता. झाडं जरा कापसाच्या गाद्यांसारखी वाटतात.

पुण्यात त्याला आणलं चार्ल्स मॅलेटने. हा कंपनीचा पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, म्हणजे वकील. १७८६ पासून पुण्यात होता, मुळा-मुठेच्या संगमावर राहायचा. म्हणूनच जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात रेसिडेन्सी म्हणजे 'संगम'. मॅलेटला चित्रांचा आणि लेण्यांचा नाद होता आणि त्यामागे राजकारणही होतं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि कंपनी असा जो तह झाला, तो घडवून आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या यशाचं चित्र त्याला हवं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७९२ मध्ये वेल्स पुण्यात आला. मुहूर्त असा की त्याच वर्षीच्या जूनमध्ये महादजी शिंदेही उत्तरेतून पुण्याला आले. मराठी राज्याचे तीन सगळ्यात महत्त्वाचे चेहरे एका गावात आणि त्यांना रंगवू शकणारा तैलचित्रकार त्याच गावात! वेल्सने तिघांचीही चित्रं केली. मॅलेटबरोबर राहणाऱ्या अंबर कौर या बाईचंही चित्र त्याने त्याच वर्षी काढलं. तिला मॅलेटपासून मुलं होती.

इथे थोडं थांबतो, कारण 'वसाहतकाळातला चित्रकार' म्हटलं की आपण एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे आणतो. साहेब उभा, नेटिव्ह खाली बसलेला, चित्रकार साहेबाचा माणूस. १७९२ चं पुणं कंपनीच्या राज्यात नव्हतं. वेल्स तिथे मॅलेटचा पाहुणा होता आणि मॅलेट स्वतः दरबाराच्या मर्जीने तिथे राहत होता. नानांनी 'नको' म्हटलं असतं तर चित्र झालंच नसतं. बैठक कधी, किती वेळ, अंगावर काय, शेजारी कोण, हे सगळं बसणाऱ्याच्या हातात. चित्र काढणारा परका, पण चित्रातली मांडणी दरबाराची. ते चित्र पाहताना हे जाणवतं. तरुण पेशवे बसलेले, शेजारी नाना, मागे सेवक उभे. ही बैठक लंडनहून आलेल्या माणसाने शोधून काढलेली नाही, पुण्यात ती रोजच होती.

आता तुमचा खरा प्रश्न. चेहरे खरे का?

माझं उत्तर: १७९२ च्या त्या जोडचित्रात चेहऱ्यापुरतं बोलायचं तर हो, बऱ्यापैकी भरवसा ठेवा. १८०५ चं जे मोठं दरबारचित्र आहे, ज्यात मॅलेट पेशव्यांना तहाचा कागद देतोय, त्यावर तसा भरवसा ठेवू नका. दोन्ही चित्रं लोक एकाच दमात 'वेल्सची' म्हणतात. तिथेच गोंधळ होतो.

पहिलं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. नानांचा चेहरा लांबट, शरीर किडकिडीत, गंभीर. समोर माणूस बसल्याशिवाय असा चेहरा होत नाही असं मी का म्हणतो ते सांगतो. माणूस पहिल्यांदा बैठकीला बसतो तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं तो 'चेहरा' करतो. मान ताठ, ओठ घट्ट, भुवया जरा वर. तासाभराने तो थकतो, काहीतरी आठवायला लागतो आणि गालाखालचे स्नायू सैल पडतात. खरा चेहरा तिथून पुढे मिळतो. मनाने रचलेल्या चेहऱ्यात हा सैलपणा कधीच येत नाही, तिथे दोन्ही बाजू सारख्या असतात. वेल्सच्या नानांमध्ये मला तो थकवा दिसतो. वेल्सने रोजनिशी ठेवली होती. ती आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे त्याआधी दरबारी माणसांची चित्रं व्हायची ती बहुतेक एकचष्मी, म्हणजे बाजूने. नाक, कपाळ, हनुवटी यांची एक स्वच्छ रेघ. उजेड-सावलीचा प्रश्नच नाही, सगळा चेहरा सारखा उजळ. नानांना चित्रांची आवड होती. वाईजवळ मेणवलीच्या त्यांच्या वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं अजून पाहता येतात. म्हणजे हा माणूस चित्राला अनोळखी नव्हता. पण तैलरंगात चेहरा अर्धा वळलेला आणि त्याची एक बाजू सावलीत, ही पद्धत नवी होती. माझ्याकडे आजही म्हातारी माणसं चित्र पाहून पहिलं वाक्य बोलतात ते 'हा गाल काळा का केलात?' मग मी सावली थोडी उजळतो. वेल्सच्या चित्रात चेहऱ्यांवर जेवढी सावली असायला हवी होती त्यापेक्षा कमी वाटते. हा त्याचा हात कच्चा असल्यामुळे की समोरच्याचा मान राखून, ते तुम्ही ठरवा. मला दुसरं कारण जास्त पटतं.

कापडाकडेही पाहा. पांढरा जामा पांढऱ्या बिछायतीजवळ रंगवणं ही तैलचित्रकाराची परीक्षा असते. नवशिका तिथे सफेता, म्हणजे पांढरा रंग, थापतो आणि कपडा चुन्याच्या भिंतीसारखा दिसायला लागतो. खरं तर पांढऱ्या सुती कपड्यात सफेता फक्त जिथे उजेड थेट पडतो तिथेच असतो. बाकी सगळा करडा, कुठे निळसर, कुठे पिवळट. आणि हे सगळं त्या काळात. रंग नळीत मिळत नव्हते, नळी आली १८४१ मध्ये. तोवर घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून पिळून घेत. पुण्याच्या पावसाळ्यात जवसाच्या तेलातला रंग लवकर वाळत नाही. काळा तर आठवडाभर चिकट राहतो. कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो, मागच्या सरसाला बुरशी येते. कोकणात एका जुलैमध्ये मी काढलेल्या एका वकिलाच्या चित्राला तिसऱ्या आठवड्यात मागून हिरवे ठिपके आले होते. ते पुसायला पुढचे दोन महिने गेले. वेल्सला तर हे सगळं दर पावसाळ्यात झालं असणार.

वेल्स एकटा काम करत नव्हता. रॉबर्ट मॅबन नावाचा स्कॉटिश माणूस त्याचा मदतनीस झाला. त्याची स्वतःची छोटी चित्रं पुढे कलकत्त्यात छापली गेली. आणि गंगाराम. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सगळ्यात गुणी माणूस. वेल्स मुंबईत उतरण्याआधीपासून हा मॅलेटसाठी काम करत होता. पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता, त्याचं १७९० मधलं गंगारामचं चित्र आजही आहे. कातडीच्या घड्या बघा त्यातल्या. मॅलेटने त्याला वेरूळला पाठवून तिथल्या लेण्यांची चित्रं करून घेतली. पुण्यात शनिवारवाड्यात मॅलेटच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली, तिथे वेल्स युरोपीय पद्धत शिकवायचा. 'गोऱ्याने आपल्याला चित्र शिकवलं' असं याचं सरसकट वर्णन करतात ते मला पटत नाही. गंगारामचं वेरूळ पाहिलं की कळतं, मोजमाप आणि नजर त्याची तयारच होती. नवीन काय मिळालं असेल तर लांबचं लहान दिसण्याचं गणित.

आणि इथे वेल्सच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. तो आला होता चेहरे रंगवून पैसा करायला, आणि गुंतला लेण्यांत. कार्ले, घारापुरी, कान्हेरी, शेवटी वेरूळ. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे निसर्गचित्रकार मुंबईला आले, तेव्हा त्यांना ही लेणी दाखवायला वेल्सच होता. व्यक्तिचित्रातून सुट्टी मिळाल्यावर माणूस दगडाकडे वळतो हे मी समजू शकतो. दगड हलत नाही आणि 'गाल काळा का' असं विचारत नाही.

पण वेळ फार थोडा मिळाला. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या सज्ज्यावरून पडून सवाई माधवराव गेले, एकविसाव्या वर्षी. आणि साष्टीत कान्हेरीची चित्रं काढताना वेल्सला ताप लागला, त्याच नोव्हेंबरात तोही गेला. वय अठ्ठेचाळीस. पेशवे आणि त्यांचा चित्रकार यांच्या मृत्यूत काही आठवड्यांचंच अंतर. त्या बैठकींतल्या तीन मराठी चेहऱ्यांपैकी उरले फक्त नाना, तेही १८०० मार्चपर्यंत.

आता १८०५ च्या चित्राकडे वळतो. वेल्सच्या मागे राहिलेली स्केचेस आणि कागद मॅलेटने आपल्याकडे घेतले. तो १७९८ मध्ये इंग्लंडला परतला, आणि १७९९ मध्ये त्याने लग्न केलं ते वेल्सची मोठी मुलगी सुझाना हिच्याशी. मग त्याने वेल्सचा अर्धवट राहिलेला सगळा पसारा थॉमस डॅनियलकडे दिला. त्यातून वेरूळच्या चोवीस दृश्यांचं पुस्तक १८०३ मध्ये आलं आणि मॅलेटला हवं होतं ते तहाचं दरबारचित्र झालं. रॉयल अकॅडमीत १८०५ मध्ये ते लोकांनी पाहिलं, पुढे त्याचं छापील चित्रही निघालं. मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

म्हणजे हिशेब असा. तह १७९० चा. वेल्स पुण्यात आला १७९२ ला, म्हणून त्याने तो प्रसंग पाहिलाच नाही. त्याने माणसं सुटी सुटी रंगवली, जागा पाहिली. डॅनियलने तर त्या माणसांना समोर बसवून काहीच केलं नाही. तेरा-चौदा वर्षांनी लंडनमध्ये त्याने वेल्सची स्केचेस समोर ठेवून सगळी मंडळी गणपती रंगमहालात बसवली. मागे कोनाड्यात गणपती, मध्ये पेशवे, पुढे कागद घेऊन मॅलेट. आणि चित्राचे पैसे देणारा मॅलेट. त्यामुळे कोण कुठे बसलंय, कोण कुणाकडे बघतंय यावरून इतिहास काढू नका. शाळेचा जुना ग्रुप फोटो मागून चेहरे चिकटवून पुरा करतात ना, तसंच ते आहे. महालाची वास्तू मात्र त्यात मोलाची. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, त्यानंतर त्या महालाचा अंदाज बांधायला हेच चित्र सगळ्यात उपयोगी पडतं.

एक जाता जाता. मॅलेट आणि सुझाना यांच्या मुलांपैकी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला आणि १८५० मध्ये माथेरान 'शोधलं' म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे माथेरानचा तो मॅलेट नानांचं चित्र काढणाऱ्या वेल्सचा नातू.

तिसरा प्रश्न, नक्कल.

तुमच्याकडे आहे ते चित्र बहुधा नक्कलीची नक्कल असणार. नानांचा चेहरा छापायला पुण्याच्या चित्रशाळा प्रेसच्या (हा खूप नंतरचा छापखाना, शनिवारवाड्यातली चित्रशाळा नव्हे) काळापासून सुरुवात झाली. त्यानंतर कॅलेंडरं, पाठ्यपुस्तकं, सभागृहांतली तैलचित्रं. प्रत्येक नकलाकाराने नाक थोडं अधिक टोकदार केलं आणि डोळे थोडे अधिक चाणाक्ष, कारण नाना म्हणजे मुत्सद्दी हे त्याने आधीच शाळेत ऐकलेलं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला सभागृहासाठी नाना काढायला सांगितले आणि नमुना म्हणून जुनी छापील प्रत दिली. ती मूळ चित्राच्या चांगल्या छायाचित्राशेजारी ठेवली तेव्हा दिसलं की भुवई आणि पापणी यांच्यातलं अंतर छापात जवळजवळ निम्मं झालेलं. तेवढ्यानेच नाना कपटी दिसायला लागले होते. संस्थेच्या माणसांना शेवटी छापातलेच नाना हवे होते, माझं चित्र त्यांनी घेतलं नाही. ते अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हा आधी संग्रहालयाकडचं चांगलं, मोठं छायाचित्र मिळवा. नानांपासून सुरुवात करू नका, पेशव्यांपासून करा. तरुण चेहऱ्यात हाडं मांसाखाली लपलेली असतात, तिथे चुकलं तर लगेच कळतं. कॅनव्हासला पांढरं अस्तर ठेवू नका. मध्यम करडं, जरा तपकिरीकडे झुकणारं द्या, म्हणजे जाम्याचा पांढरा रंग आपोआप उठतो. चेहरा आणि पगडीचा काठ एकत्रच करा, पगडी मागाहून घातल्यासारखी दिसता कामा नये. मोत्यांच्या माळा सगळ्यात शेवटी, प्रत्येक मोती गोल काढायच्या भरीस पडू नका. सावलीतला एक पट्टा आणि त्यावर उजेडाचे ठिपके, एवढ्यानेच त्या माळा होतात. आणि हे सगळं दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात काळा रंग वाळायची वाट बघत बसाल.